बर्फावरचा रिकामा तास कोणाचा?

वैशाखात ज्या मुक्ताईनगर तालुक्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, जेथे शेतमजुराला ऊन चढण्याच्या आत हातातले काम आटोपावे लागते, तेथे बर्फावरच्या फिगर स्केटिंगविषयी आणि त्याच्या सरावासाठी मोफत किंवा सवलतीचा वेळ मिळवण्याविषयी बोलणे ही अनेकांना थट्टा वाटेल. ही थट्टा केवळ सत्ताधारी करतील असे नाही. समाजवादी चळवळीतले जुनेजाणते कार्यकर्तेही करतील. कष्टकऱ्यांच्या मुलांनी कशाची स्वप्ने पाहावीत आणि कशाची पाहू नयेत, याची एक अलिखित यादी आपल्या समाजाने तयार करून ठेवली आहे. त्या यादीबाहेरचे काही मागितले की प्रथम हसू येते, आणि एकदा हसून झाले की विचार करण्याची गरज उरत नाही.

तथापि हा प्रश्न मुक्ताईनगरला वाटतो तितका दूरचा नाही. मुक्ताईनगर ज्या रावेर लोकसभा मतदारसंघात येते, त्याच्या खासदार रक्षा खडसे यांच्याकडे जून २०२४ मध्ये केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा खात्याचे राज्यमंत्रिपद आले. याच तालुक्यातील कोथळी गावच्या सरपंचपदापासून त्यांचा सार्वजनिक प्रवास सुरू झाला. ज्या खात्याची एक खुर्ची या तालुक्याच्या वाट्याला आली, तेच खाते २०२० पासून 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा भरवत आले आहे आणि लेहच्या बर्फावर महाराष्ट्राच्या खेळाडूंनी पदकेही मिळवली आहेत. म्हणजे बर्फावरच्या खेळांवर सरकारी पैसा खर्च होतो आणि त्या पैशात मुक्ताईनगरच्या केळी कामगाराने चपलेवर, साबणावर आणि मुलाच्या वहीपेन्सिलीमागे वर्षानुवर्षे भरलेल्या करांचाही हिस्सा आहे. मग त्या बर्फावर कोणाचे पाऊल पडते, हे विचारण्याचा अधिकार त्या कामगाराला का नसावा?

बर्फ आहे कोठे?

भारतात बर्फावर स्केटिंग करण्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत. सिमल्याची रिंक १९२० सालची, वसाहतकाळातील. तेथील बर्फ निसर्ग देतो, त्यामुळे हिवाळ्यातले थोडे दिवसच ती चालते, आणि हवामान तापत चालल्याने तेही दिवस बेभरवशाचे झाले आहेत. लेहमधली थंडी भरपूर आहे, परंतु लेह खानदेशातून कोणाच्या आवाक्यात आहे? मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड या करमणूक उद्यानात बर्फाची रिंक होती. तिकीट काढून तासभर मौज करण्याची ती जागा. ते उद्यानही २०२२ साली बंद झाले. गुरुग्रामच्या एका मॉलमधील रिंकवर राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. देशाचे अजिंक्यपद ठरवण्यासाठी दुकानांच्या गर्दीतली भाड्याची जागा शोधावी लागावी, यातच आपल्या क्रीडाव्यवस्थेचे चित्र पुरेसे स्पष्ट होते.

या सगळ्यांत बोधप्रद उदाहरण आहे ते डेहराडूनचे. जानेवारी २०११ मध्ये डेहराडून आणि औली येथे पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा भरल्या. त्यासाठी महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयाच्या आवारात सरकारी पैशाने साठ मीटर लांब व तीस मीटर रुंद अशी ऑलिंपिक मापाची, छताखालची रिंक बांधण्यात आली. स्पर्धा झाल्या, झेंडे उतरले, पाहुणे परत गेले, आणि त्यानंतर दशकाहून अधिक काळ ही रिंक जवळजवळ बंद अवस्थेत पडून राहिली. यंत्रे थंडावली, बर्फ वितळला. ज्या वर्षांत ती बंद होती, त्या वर्षांत दहा वर्षांची मुले वीस वर्षांची झाली. फिगर स्केटिंगमध्ये शरीर घडण्याचे जे वय असते, ते या मुलांचे कुलपाबाहेर संपले. अखेर २०२५ मध्ये दुरुस्ती होऊन 'हिमाद्री' या नावाने ती पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथे आशियाई पातळीवरील शॉर्ट ट्रॅक स्पर्धाही झाली. याचे स्वागत केलेच पाहिजे. पण स्पर्धेसाठी दार उघडते आणि सरावासाठी कोणाला ते कितपत उघडते, हा प्रश्न उद्घाटनाच्या फितीबरोबर कापला जात नाही.

एका तासाचा हिशेब

मोफत वेळेची मागणी केली की लगेच उत्तर येते: बर्फ फुकट बनत नाही. खरे आहे. म्हणूनच तो कसा बनतो हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. रिंक म्हणजे वस्तुतः जमिनीवर पसरलेला बर्फाचा कारखाना. काँक्रीटच्या तळाखाली नळ्यांचे जाळे असते. त्यातून अतिथंड द्रव सतत फिरवला जातो. वर थराथराने पाणी सोडून तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरला जातो. फिगर स्केटिंगला तो उणे तीन ते उणे पाच अंशांच्या दरम्यान ठेवावा लागतो, कारण फार कडक बर्फात पात्याची कड नीट रुतत नाही आणि उडीनंतर उतरताना पायाला झटका बसतो. काही वेळाने एक यंत्र वरचा ओरखडलेला पापुद्रा खरवडून त्यावर गरम पाण्याचा पातळ थर सोडते व पृष्ठभाग पुन्हा काचेसारखा करते.

या व्यवस्थेत खर्च कशाचा होतो? मुख्यतः थंडी टिकवण्याचा. अठराशे चौरस मीटर बर्फ गोठलेला ठेवायचा तर काँप्रेसर दिवसाही चालवावा लागतो आणि रात्रीही. बर्फावर शंभर माणसे असोत वा एकही नसो, बर्फ वितळू देता येत नाही. माणसे आली की दिव्यांचा, अंगच्या उष्णतेचा आणि पृष्ठभाग नवा करण्याचा थोडा खर्च वाढतो, एवढेच. म्हणजे पहाटे पाच ते आठ, भर दुपारी किंवा रात्री उशिरा जेव्हा रिंक ओस पडलेली असते, तेव्हाही त्या तासाचा मोठा खर्च जनतेच्या पैशातून होऊनच गेलेला असतो. त्या तासाला कोणाला आत न घेणे ही काटकसर नव्हे. शिजवलेले अन्न कुलपात ठेवून दाराशी उभ्या भुकेल्याला 'अन्नाला पैसे पडतात' असे सांगण्याचाच तो प्रकार आहे.

रिकामा तास कोणाचा, हा म्हणूनच या विषयातला मूळ प्रश्न आहे. बाजाराचे उत्तर सोपे आहे: जो विकत घेईल त्याचा, आणि कोणी घेतला नाही तर कोणाचाच नाही. समाजवादाचे उत्तर निराळे असले पाहिजे. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेला आणि विकला न गेलेला तास जनतेचा आहे, आणि त्याचा विनियोग जनतेला दिसेल अशा रीतीने झाला पाहिजे.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. हौशी लोकांसाठी ठेवलेला वेळ आणि सरावाचा वेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. हौशी गर्दीत सगळे एकाच दिशेने फेऱ्या मारतात. तेथे उडी मारणे, उलटे जाणे, गिरकी घेणे धोक्याचे असते आणि बहुधा मनाईच असते. फिगर स्केटिंग शिकणाऱ्याला मोकळा, कमी गर्दीचा बर्फ लागतो, तोही रोज. टोरोंटोसारख्या शहरात महानगरपालिका थंडीच्या दिवसांत उघड्यावरच्या कितीतरी कृत्रिम रिंका लोकांना विनामूल्य खुल्या ठेवते. ही गोष्ट अनुकरणीय आहे. परंतु तेथेही उड्यांच्या सरावासाठी बंदिस्त रिंकवरचा वेळ लागतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. यावरून 'सर्वांना खुले' एवढे म्हटल्याने सरावाचा प्रश्न सुटत नाही, हे दिसते.

या खेळाच्या इतिहासातच जमीनदारीचा एक नमुना आहे. १९९० पर्यंत जागतिक एकेरी स्पर्धांत बर्फावर पात्याने ठरावीक आकृत्या कोरण्याची सक्तीची परीक्षा असे. तिच्या सरावासाठी स्वच्छ बर्फ हवा. म्हणून रिंकचे पट्टे पाडून एकेका स्पर्धकाला एकेक पट्टा तासाच्या भाड्याने दिला जाई. शेताचे वाफे पाडावेत तसे बर्फाचे वाफे, आणि ज्याची ऐपत अधिक त्याच्याकडे वाफ्याचे तास अधिक! आकृत्या गेल्या, तासांची विषमता मात्र राहिली.

सवलत आणि हक्क

या विषमतेवर भांडवली जगाने शोधलेला उपाय म्हणजे सवलत. होतकरू पण गरीब मुलाला थोडी सूट द्यायची, त्याचे छायाचित्र काढायचे, त्याच्या पाठीवर पुरस्कर्त्या कंपनीचे नाव छापायचे. कोठे मुलांनी रिंकवर झाडलोट करावी, भाड्याचे बूट मांडावेत आणि त्याच्या मोबदल्यात तासभर बर्फ घ्यावा, अशीही पद्धत आढळते. ऐपतदाराचे मूल थेट बर्फावर उतरते आणि गरिबाचे मूल आधी बर्फाची चाकरी करते! हिला कोणी स्वावलंबन म्हणेल. समान नागरिकांच्या राज्यात तिचे नाव वेठ आहे.

सवलतीचा दुसरा दोष असा की ती आधी दैन्य सिद्ध करायला लावते. उत्पन्नाचा दाखला, शिफारसपत्र, कोणा पुढाऱ्याची चिठ्ठी, आणि शेवटी ज्याच्या मर्जीवर ती मिळाली त्याचे आजन्म ऋण. खानदेशातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर हा अनुभव घेतलेल्या आयाबाया पाहिल्या आहेत. हक्काला उपकाराचे रूप दिले की घेणारा वाकतो आणि देणारा उंच होतो.

अमेरिकेतील मेबल फेअरबँक्स हिची कहाणी या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारी आहे. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ही कृष्णवर्णीय मुलगी रिंकच्या दाराशी गेली आणि तिच्या रंगामुळे तिला परत पाठवण्यात आले. पुढे तिने असामान्य कौशल्य मिळवले, परंतु राष्ट्रीय स्पर्धेत उतरण्याची संधी तिला कधीच लाभली नाही. ती प्रशिक्षक झाली. तिच्या शिष्यांपैकी अटॉय विल्सन याने १९६६ साली नवोदित गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अमेरिकेच्या फिगर स्केटिंगच्या सन्मानयादीत फेअरबँक्स यांचे नाव आले ते १९९७ साली. ज्या वयात तिला बर्फाचा तास हवा होता त्या वयात तो नाकारायचा आणि वृद्धापकाळी मानपत्र द्यायचे, हा प्रस्थापितांचा जुनाच रिवाज आहे. त्याच १९९७ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मुलींसाठी शिक्षण आणि फिगर स्केटिंग यांची सांगड घालणारी एक संस्था उभी राहिली. तिचे काम मोलाचे आहे. पण जे काम देणगीदारांच्या औदार्यावर चालते, ते औदार्य आटल्यावर कसे चालणार, हा प्रश्न तेथेही शिल्लक राहतोच.

महाराष्ट्राच्या घरचेच उदाहरण घ्यायचे तर धर्मादाय रुग्णालयांचे घ्यावे. कायद्याने आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेने या रुग्णालयांवर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे खासगी व्यवस्थेनेही सार्वजनिक लाभाच्या बदल्यात सार्वजनिक वाटा द्यावा, हे तत्त्व या राज्याने मान्य केलेले आहे. मग सरकारी जमीन वा करमाफी घेऊन उद्या कोणी रिंक उभारली, तर तिच्या तासांचा वाटा का मागू नये? परंतु याच उदाहरणात इशाराही आहे. राखीव खाट मिळवताना गरीब रुग्णाच्या नातलगांची जी वणवण होते ती कोणापासून लपलेली नाही. नियम कागदावर आला म्हणजे हक्क हातात आला असे होत नाही. त्यावर लोकांची नजर लागते.

घरचे आक्षेप

आता चळवळीच्या आतून येणाऱ्या आक्षेपांकडे वळावे लागेल. पहिला आक्षेप असा: ज्या तालुक्यात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढ असते, शेतीला वीज रात्रीअपरात्री मिळते, केळीचा भाव व्यापारी ठरवतात, तेथे बर्फावरच्या खेळाची चैन कशाला? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. मुक्ताईनगरला रिंक बांधा, अशी मागणी कोणी करीत असेल तर ती अविचारी ठरेल. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बर्फाचे अंगण धरण्यासाठी वीज जाळणे आणि शेजारच्या वस्तीने अंधारात बसणे, हा समाजवाद नव्हे. येथे मागणी नव्या रिंकची नाहीच. जी रिंक जनतेच्या पैशाने आधीच उभी आहे, जिचा बर्फ आधीच गोठलेला आहे, तिच्या रिकाम्या तासाची ही मागणी आहे. त्या तासाने कोणाच्या हंड्यातले पाणी कमी होत नाही.

शिवाय चैन कशाला म्हणायचे, हे ठरवणार कोण? खानदेशात थंडी नाही असे म्हणणेही अर्धसत्य आहे. रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यात केळीसाठी शीतगृहे आणि रायपनिंग चेंबर उभी आहेत. तेरा अंशांच्या खाली गेली की केळीची साल काळवंडते, म्हणून तिचे तापमान डोळ्यांत तेल घालून राखले जाते. मालाला मानवेल अशी थंडी या उन्हात निर्माण करता येते आणि परवडतेही, कारण मालाला भाव आहे. घड कापून डोक्यावर वाहणाऱ्या मजुराचे मूल मात्र थंडी म्हणजे काय हे शीतगृहाच्या उघड्या दारातून येणाऱ्या झुळकेवरूनच ओळखते. वर्षानुवर्षे रावेर-सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीला गेली. केळीला दिल्लीची वाट ठाऊक झाली. ती पिकवणाऱ्यांच्या मुलांना त्याच वाटेने पुढे डेहराडूनला जाऊन बर्फावर उभे राहता येऊ नये, हा निसर्गाचा नियम नाही.

साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत मुले घडवली. हेच गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. त्या वेळीही शहाणे लोक म्हणत होते की भुकेल्याला भाकरी द्या, देवळाच्या दाराचे काय घेऊन बसलात? गुरुजींना भाकरीचे मोल कळत नव्हते असे नाही. परंतु माणसाला एका दाराबाहेर ठेवण्याची सवय समाजाला लागली की ती सवय पुढे प्रत्येक दाराला लागते, हे त्यांना कळत होते. देऊळ आणि क्रीडांगण यांची बरोबरी करण्याचे कारण नाही. अस्पृश्यतेची जखम खेळाच्या तिकिटाने मोजता येणार नाही. पण आजच्या दारांवर जातीची पाटी नसली तरी दरपत्रक असते, आणि ते वाचून कोण परत फिरते हे पाहिले तर जुन्या रांगा पुन्हा ओळखू येतात.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. काही मित्र म्हणतील, सोव्हिएत रशियाने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. मुलांच्या क्रीडाशाळा, सरकारी प्रशिक्षक, सरकारी बर्फ. परिणामी १९६४ पासून १९८८ पर्यंत सलग सात हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडीच्या फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक सोव्हिएत संघालाच मिळाले. हे यश नाकारण्याचे कारण नाही. कामगाराच्या मुलाला बर्फ परवडत नाही, ही सबब त्या व्यवस्थेने खोटी ठरवली. परंतु त्यांतली पहिली दोन सुवर्णपदके जिंकणारे ल्युडमिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव हे दांपत्य १९७९ साली स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाला गेले, हेही विसरता येणार नाही. राज्याने बर्फाचा तास दिला आणि त्याबरोबर तो तास वापरणाऱ्या माणसावरही मालकी सांगितली. पदकासाठी मूल पिळण्याची ही वृत्ती राज्यव्यवस्था बदलल्यावरही गेली नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांची कामिला वालियेवा उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात साऱ्या जगापुढे उभी केली गेली आणि २०२४ साली तिच्यावर चार वर्षांची बंदी कायम झाली. शिक्षा मुलीला झाली. तिच्याभोवतीची मोठी माणसे त्या मानाने झाकलेलीच राहिली. लोकशाही समाजवादाला असा पदकांचा कारखाना नको आहे. ज्याला खेळायचे आहे त्याला खेळता यावे, आणि त्यातून पदक आले तर आनंद मानावा, नाही आले तरी मुलाचा तास वाया गेला असे कोणी मानू नये.

परंतु पदकाच्या मागे आज भाकरीही बांधलेली आहे, आणि येथे पहिल्या आक्षेपाचे उरलेसुरले उत्तर मिळते. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त खेळांतील पात्र खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. ही धोरणे योग्यच आहेत. मात्र ज्या खेळाच्या सरावाची जागा सगळ्या देशात दोन-चार ठिकाणी आहे, त्या खेळाला अशा मान्यतेचे लाभ लागू होतील तेव्हा ते कोणाच्या पदरात पडतील? ज्यांचे आईबाप विमानाचे तिकीट, हॉटेल, बूट, पाती आणि खासगी प्रशिक्षक यांचा खर्च उचलू शकतात त्यांच्या. मागास भागातल्या तरुणाला दिलासा म्हणून निघालेली तरतूद अशा रीतीने सधनांची आणखी एक शिडी बनू शकते. म्हणून बर्फाच्या तासाचा प्रश्न अंतिमतः संधीच्या वाटपाचा प्रश्न आहे.

मागणी कोणती?

मागण्या नेमक्या असाव्यात. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालणाऱ्या प्रत्येक रिंकचे वेळापत्रक दर महिन्याला जाहीर झाले पाहिजे: कोणता तास कोणाला, कोणत्या दराने दिला आणि कोणता रिकामा गेला. रिकाम्या तासांपैकी निश्चित वाटा सरकारी व जिल्हा परिषद शाळांतील मुलामुलींना सरावासाठी विनामूल्य मिळावा. तो मिळवण्यासाठी दारिद्र्याचा दाखला मागू नये. मागणी तासांपेक्षा अधिक झाली तर उघड सोडत काढावी, शिफारशीला तेथे जागा असू नये.

दुसरी गोष्ट अशी की नुसता बर्फ मोफत देऊन भागत नाही. मुक्ताईनगरहून डेहराडून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तासाचे भाडे माफ आणि तासापर्यंत पोहोचण्याचा खर्च मात्र हजारोंचा, असे झाले तर ती माफी कागदावरच राहील. सुट्टीतली निवासी शिबिरे, प्रवासखर्च, वसतिगृह आणि मापाचे बूट उसने देणारे भांडार हे त्या हक्काचेच भाग मानले पाहिजेत.

तिसरी मागणी घराजवळची आणि सर्वांत महत्त्वाची. बर्फावर जाणारी भारतीय मुले बहुतेक चाकांच्या स्केटिंगवरूनच तेथे पोहोचतात. तोल, कड, गिरकी, उडी यांचे पहिले धडे चाकांवर गिरवता येतात. हैदराबादच्या अनुपकुमार यामा याने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत चाकांवरच्या कलात्मक स्केटिंगमध्ये कांस्यपदके मिळवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी चाकांवरच्या सांघिक शर्यतीत कांस्य मिळवले. चाकांच्या स्केटिंगला काँप्रेसर लागत नाही, उणे अंश लागत नाहीत. गुळगुळीत, सपाट, सावलीतली फरशी आणि शिकवणारे माणूस एवढेच लागते. महाराष्ट्राच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने तालुका क्रीडा संकुलाची कल्पना मांडली. त्या संकुलात अशी एक फरशी असावी, तिच्यावर ठरावीक तास विनामूल्य असावेत आणि त्यांतले काही केवळ मुलींसाठी राखलेले असावेत. मुक्ताईनगरच्या मुलीला पहिली संधी तिच्याच गावात मिळाली पाहिजे. डेहराडून ही तिची दुसरी पायरी ठरावी.

चौथी मागणी रिंकवरच्या कामगारांची. पहाटेचा मोफत तास म्हणजे यंत्रचालकाने बिनपगारी जागावे, असा अर्थ कोणी काढू नये. काँप्रेसरच्या खोलीत रात्रपाळी करणाऱ्याला कायम नोकरी, पुरे वेतन आणि वायुगळतीपासून संरक्षण मिळाले पाहिजे. एका कष्टकऱ्याच्या मुलाचा हक्क दुसऱ्या कष्टकऱ्याच्या झोपेतून वसूल करणे चळवळीला शोभणार नाही.

या कामाला आजच आरंभ करता येईल. २००५ चा माहितीचा अधिकार हातात आहे. डेहराडूनच्या रिंकचे तास कसे वाटले जातात, आणि आपल्या तालुक्याच्या क्रीडा संकुलावर आजवर किती खर्च झाला व ते दिवसातून किती तास मुलांना खुले असते, हे दोन अर्ज प्रत्येक शाखेने करावेत. उत्तरे ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत जाहीर वाचावीत. त्या आधारे ठराव करून तो खासदारांकडे आणि क्रीडा खात्याकडे शिष्टमंडळाने न्यावा. ज्या मतदारसंघाने क्रीडा खात्याला राज्यमंत्री दिला, त्या मतदारसंघाने पहिला जाब विचारावा, यात अनौचित्य काहीच नाही. सेवादलाच्या शाखांनी संध्याकाळच्या खेळांत चाकांच्या स्केटिंगचाही विचार करावा. दोन जोड्या स्केट्स आणि दहा मुले एवढ्यावरही सुरुवात होते.

मुक्ताईनगरचे पूर्वीचे नाव एदलाबाद. आजचे नाव ज्या मुक्ताबाईंचे आहे, त्या परंपरेनुसार १२९७ साली याच परिसरात तापीकाठी अंतर्धान पावल्या. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना ती उघडायला लावणारी ही धाकटी बहीण. तिचे ताटीचे अभंग महाराष्ट्राला आठवण करून देत आले आहेत की दाराबाहेर उभ्या असलेल्या लहानग्याचेही म्हणणे ऐकावे लागते. तिच्या नावाच्या गावातल्या कार्यकर्त्यांनी बंद दारापुढे सवलतीसाठी हात जोडून उभे राहू नये. आतला बर्फ कोणाच्या पैशाने गोठला आहे, याचा हिशेब हातात घेऊन त्यांनी ते दार ठोठवावे, आणि उघडेपर्यंत ठोठवत राहावे.